गावचे आरोग्य, गावच्या बाईच्या हाती

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायला संस्थेने यंदा डॉक्टर सोडून आम्हा बँकेतल्या कारकुनांना उभे केले, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. पण विचार करता असे लक्षात आले की, गावातल्या आजाराची बातमी डॉक्टरांच्या खालोखाल जर कोणाला कळत असेल तर ती बँकेच्या खिडकीला कळते. मुदत पूर्ण व्हायला चार महिने असताना माणूस ठेव मोडायला येतो, तेव्हा कारण विचारावे लागत नाही. मंगळसूत्र तारण ठेवायला सासू-सून जोडीने येतात, तेव्हा घरात लग्न आहे की दवाखाना, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते. वीस-पंचवीस वर्षे आम्ही हे वाचत आलो. आमच्या अंदाजाने, घरातल्या माणसाचे आजारपण जितक्या ठेवी मोडते तितक्या मुलीचे लग्नही मोडत नाही. आणि ज्या आजारासाठी ही ठेव मोडते, तो पुष्कळदा सुरुवातीला पाच-दहा रुपयांच्या उपायाने थांबण्यासारखा असतो. म्हणून आज आम्ही दवाखान्याविषयी थोडे आणि दवाखान्याच्या अलीकडच्या गोष्टींविषयी जास्त बोलणार आहोत.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंचेचाळीस लाखांवर माणसे. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी अजून नगरच येते, तेवढे सांभाळून घ्यावे. उत्तरेला पाटपाणी, साखर कारखाने, मोठी रुग्णालये. दक्षिणेला जामखेड, कर्जत, पाथर्डी हा कोरडा पट्टा. जामखेडहून नगर सुमारे पाऊणशे किलोमीटर. आज रस्ता आहे, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांमागे अडलेल्या बाईला बैलगाडीत घातले की गाडी कुठवर पोहोचेल, हे कोणी सांगू शकत नव्हते.

आणि खरी गोष्ट घडली ती याच जामखेडात. आपल्याच जिल्ह्यातली असून आपल्यापैकी पुष्कळांना ती ऐकीवच माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डॉ. रजनीकांत आरोळे हे जिल्ह्याचेच. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तिथेच डॉ. मेबल यांची भेट झाली. लग्नानंतर साठच्या दशकात दोघांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. काम चोख होते, रुग्णांची रांग होती. पण दोघांच्या ध्यानात आले की, आज जुलाबाने सुकलेले जे पोर आपण बरे करून पाठवले, तेच महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येते, कारण घरचे पाणी तेच आहे. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे, आणि रुग्णालयाला मात्र टाळण्याचे काम कोणी नेमून दिलेले नाही. पुढे दोघे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिकडेच राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती.

त्या वेळी या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. घरटी हिशेब केला तर सहा बाळंतपणांत एक पाळणा रिकामा. आपल्या आज्यांना विचारा, "किती लेकरं?" तर त्या दोन आकडे सांगतात, झालेली आणि राहिलेली. त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच हे १७६.

आरोळे दांपत्याने प्रथम शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवल्या. ते जमले नाही. नर्सबाई तरुण, परगावच्या. एकटीने गावात राहणे अवघड, आणि गावातल्या बाया तिच्यापाशी मन मोकळे करीनात. तेव्हा एका सरपंचानेच सुचवले की गावातलीच बाई का शिकवीत नाही? सूचना साधी होती, पण ती मानायला धाडस लागते. कारण गावातली बाई म्हणजे कोण, तर अक्षरशत्रू. बहुतेक जणी कधी शाळेत गेलेल्या नाहीत. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणी दुसऱ्याच्या बांधावर खुरपणारी. गावाने निवडून दिल्या त्यांत सगळ्या जातींच्या बाया होत्या, आणि महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या पुष्कळ होत्या. ज्या बाईची सावली चालत नव्हती, तिच्या हाती गावाच्या बाळंतिणी सोपवायच्या, असा हा प्रकार होता.

त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत आणि शिकून परत जात. शिकवणी पाटीवरची नव्हती. चित्रे, गाणी, प्रश्नोत्तरे. पण आमच्या मते त्या शिकवणीत मोठा धडा वेगळाच होता. सगळ्यांचे जेवण एका पंगतीत आणि झोपणेही एकत्र. पहिल्या काही आठवड्यांत काय कुरबुर झाली असेल याची कल्पना आपल्याला करता येते. ज्यांनी ती पंगत सोडली नाही त्यांच्याच हातून पुढे काम झाले. जी सवर्ण बाई दलित बाईशेजारी बसून जेवायला शिकली, ती गावी गेल्यावर त्या वस्तीतल्या पोराचे वजन करायला उंबऱ्याबाहेर थांबली नाही. आणि जी दलित बाई तिथे बोलायला शिकली, ती वाड्यात शिरताना अंग चोरीनाशी झाली.

पाण्याची गोष्ट तर आपण प्रत्येक मेळाव्यात सांगावी अशी आहे. १९७२ च्या दुष्काळाचा तो काळ. कूपनलिका खोदून हातपंप बसवायचे ठरले. जागा भूजलाच्या पाहणीने ठरणार हे गावाने मान्य केले, आणि पंप बसवले गेले ते दलित वस्तीत. पाणी हवे तर वस्तीत या! महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपल्याला पाण्यापाशी जावे लागले होते. इथे पाण्याच्या पाठोपाठ गाव आपल्या वस्तीत आले. मिरवणूक नाही, घोषणा नाही. तहान लागली की विटाळ किती दिवस टिकतो, हे हंडा घेऊन आलेल्या बायांनी आपसातच ठरवून टाकले.

आता या बाया करीत काय होत्या? ऐकायला अगदी किरकोळ. जुलाब झालेल्या पोराचे पाणी तोडायचे नाही, उलट मीठ-साखरेचे पाणी उकळून गार करून चमच्याने पाजत राहायचे. बाळंतपणात हात साबणाने धुवायचे, नाळ उकळलेल्या नव्या पात्याने कापायची, वर शेण-राख लावायची नाही. बाळाला पहिल्या दिवसापासून आईचे दूध द्यायचे. गरोदर बाईला "कमी खा, नाहीतर बाळ मोठे होईल" असे सांगणाऱ्या सासूशी भांडण न करता तिची समजूत घालायची. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू द्यायचा नाही, महारोग औषधाने बरा होतो. तीन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवायचे. यातले काय असे आहे की ज्याला डॉक्टरच हवा? पण हेच दारोदार, वर्षानुवर्षे, एकाच ओळखीच्या तोंडून सांगितले गेले, आणि १९९० च्या दशकात तो १७६ चा आकडा वीसच्या आसपास येऊन ठेपला. बरोबरीने शेतकरी मंडळे, महिला मंडळे, झाडे लावणे, पाणी अडवणे ही कामे चालूच होती. पोटात अन्न नसेल तर औषधाने भागत नाही, हे त्या डॉक्टरांना पक्के कळले होते.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यव्यवस्थेची जगभरातली उदाहरणे एका ग्रंथात मांडली, त्यात आपले जामखेड होते. १९७८ साली आल्मा-आटाच्या परिषदेत "सर्वांसाठी आरोग्य" हे ध्येय जगाने स्वीकारले. १९७९ मध्ये पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम पुढच्या पिढीने चालू ठेवले. देशोदेशींची माणसे जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या बायाही असतात. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला परिषदेत बोलायला गेल्या होत्या. सभागृहातल्या झुंबरांकडे पाहून त्या म्हणाल्या त्याचा आशय असा की, मोठे डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर पण महाग आणि उंचावर. आपण पणतीसारख्या, पण पणतीवरून दुसरी पणती लावता येते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. तीन वर्षे अलंकार शिकलो, पण परीक्षेला असा दृष्टान्त आम्हाला सुचला नव्हता.

इथे इतिहासाचे एक पान उलटावेसे वाटते, कारण तेही नगरचेच आहे. बाईचे आरोग्य हा काही आपल्या चळवळीला बाहेरून आलेला विषय नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी सुटी देण्याच्या विधेयकाला बाबासाहेबांनी ठाम पाठिंबा दिला. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांच्या वतीने तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी, आणि रोहम आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून आलेले. ठराव फेटाळला गेला. त्या काळी भल्याभल्यांना तो अब्रह्मण्यम् वाटला होता. आज कुटुंबनियोजन ही सरकारी भिंतीवरची ओळ आहे. रोहमांचे नाव मात्र आपल्या मुलांना कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ते निदान या स्मरणिकेत तरी राहावे.

आता आजचे बोलू. २००५ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि साधारण हजार वस्तीमागे एक अशी "आशा" नेमायला सुरुवात झाली. गावातलीच सून, गावातच राहणारी. जामखेडचा अनुभव या कल्पनेच्या मुळाशी होता, तसाच इतर ठिकाणचाही होता, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्या बायांकडून नवजात बालकांची घरी काळजी घेऊन दाखवली होती. आज आपल्या प्रत्येक गावात आशाताई आहे. गरोदर बाईची नोंद तिने करायची, दवाखान्यात तिने न्यायचे, बाळ घरी आले की बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या, क्षयरोग्याला गोळ्या मिळतात की नाही ते पाहायचे. कोरोनात २०२० साली आपण दारे लावून बसलो होतो, तेव्हा दार वाजवणारी तीच होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तोही ऐकला आपण.

आणि तिचे पासबुक आम्ही पाहतो. त्यासाठी आम्हाला कोणाचे गुपित सांगावे लागत नाही, कारण दर शासन निर्णयात छापलेले आहेत. नवजात बाळाच्या त्या सहा भेटींचा केंद्राने ठरवलेला मोबदला अडीचशे रुपये. म्हणजे एका भेटीचे चाळीस-बेचाळीस रुपये. पावसात वस्तीवर चालत जायचे, बाळाचे तापमान घ्यायचे, वजन करायचे, आईला छाती भरून आली आहे का ते विचारायचे आणि फॉर्म भरायचा. पासबुकात या रकमा सुट्या सुट्या पडतात, कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. खिडकीपाशी उभी राहून ती विचारते, "साहेब, हे कोणत्या महिन्याचे?" आम्हाला सांगता येत नाही; नोंदीत तेवढे लिहिलेलेच नसते. नियमाने ती स्वयंसेविका, म्हणून तिला पगार नाही, मोबदला आहे. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यभर आशांचा संप झाला, तेव्हा कुठे राज्य शासनाने दरमहा पाच हजारांची वाढ दिली.

यावर काही जाणते लोक आम्हाला म्हणतात, "जामखेडच्या बायांना तरी कुठे पगार होता? त्या सेवाच करीत होत्या." हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. जामखेडच्या बाईला पगार नव्हता हे खरे. पण तिला उद्योगासाठी मदत होती, दर आठवड्याला शिकवणारे होते, अडचण सांगायला हक्काची जागा होती, आणि तिने काय केले ते ऐकायला डॉक्टर तिच्यासमोर बसत होते. आजच्या आशाला नवी योजना आली की नवा रकाना मिळतो आणि नवे अॅप मिळते. कामाची यादी नोकराची आणि मोबदल्याची वेळ आली की सेविका, असे दोन्हीकडून कसे चालेल? आमच्या बँकेच्या संघटनेत आम्ही एका तासाच्या जादा कामासाठी पत्रे लिहितो. त्याच तोंडाने आशाताईला सेवेचा उपदेश करणे आम्हाला तरी शोभणार नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. पाथर्डी, जामखेड या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टायरगाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत एक दिवसाचा खाडा परवडत नाही. गरोदर बाई त्या गाडीत चढली की गावच्या आशाच्या वहीतले तिचे नाव तसेच राहते आणि बाई मात्र दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडाजवळच्या खोपीत. धनुर्वाताचे इंजेक्शन राहते, रक्त वाढायच्या गोळ्या राहतात, पोराचा डोस राहतो. तिकडच्या गावची आशा म्हणते, ही माझ्या यादीत नाही. पाळीच्या दिवसांतही खाडा नको म्हणून, साध्या दुखण्याला कॅन्सरची भीती घातली म्हणून, तिशी-पस्तिशीच्या बाया पिशवी काढून आलेल्या आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाने पाहणी केली, तेव्हा ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. जामखेडची शीव बीडला लागून आहे. शिवेच्या अलीकडे दुखणे थांबते असे मानायला आम्हाला काही आधार दिसत नाही.

मोठ्या आजारासाठी आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदलले, आणि आता ती सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत लागू आहे. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. पण योजनेच्या यादीतले रुग्णालय कोणते, हे दाखल होण्याआधी विचारायचे असते. आधी खाजगीत डिपॉझिट भरून मग कार्ड दाखवणारी माणसे आम्ही ठेव मोडताना पाहतो.

आपली संस्था दरवर्षी जयंतीला आरोग्य शिबिर घेते. त्याला आमचा विरोध नाही, त्यात आम्ही खुर्च्याही मांडल्या आहेत. पण शिबिरात साखर वाढलेली निघाली तर त्या माणसाची पुढची तपासणी थेट पुढच्या जयंतीला. मधले तीनशे चौसष्ट दिवस कोणाचे? ज्या पैशात मंडप, बॅनर आणि शाली येतात, त्यातला निम्मा पैसा वर्षभर पुरवून वापरावा, असे आमच्या मंडळाने कार्यकारिणीला लेखी दिले आहे. त्याची हकिगत थोडक्यात सांगून आम्ही बसतो.

दर पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. वंदना झाल्यावर दोन तास विहाराची मागची खोली उघडी ठेवायची. रक्तदाब मोजायचे यंत्र आणि वजनकाटा एवढे सामान. दोन्ही घ्यायला आमच्या मंडळाने वर्गणी काढली आहे. साखर तपासायला उपकेंद्राच्या नर्सबाईंना विनंती करू. त्या आल्या नाहीत तर आपण दर पौर्णिमेला नावे लिहून त्यांच्याकडे पाठवू. वस्तीच्या आशाताईंना त्या दिवशी आमंत्रण, भाषणासाठी नाही, त्यांच्या वहीत कोणाचे नाव राहिले आहे ते सगळ्यांसमोर वाचायला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दसऱ्याच्या आधीच्या पौर्णिमेला तयार करायची. गरोदर बाईचे आणि लहान पोराचे माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हाती द्यायचे, आणि ज्या कारखान्यावर टोळी जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता त्याच पिशवीत. मुकादमाला ते कार्ड दाखवायचे नाही, दवाखान्यात दाखवायचे, हेही सांगायचे.

खिडकीचे काम आम्ही करू. मातृवंदना योजनेचे पैसे आले नाहीत, आशाताईचा मोबदला अडकला, खाते आधारला जोडलेले नाही, नाव रेशनकार्डावर वेगळे आणि पासबुकावर वेगळे, हे जे चक्र असते ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. आम्ही त्यातच आयुष्य काढले. आमच्यातले दोघे दर पौर्णिमेला त्या खोलीत टेबल टाकून बसतील. येताना पासबुक, आधार, रेशनकार्ड आणि कार्डावर जो मोबाईल नंबर दिला आहे तो मोबाईल घेऊन यावे. नंबर मुलाचा असेल आणि मुलगा पुण्याला असेल, तर आधी त्याला फोन करून ठेवावा.

येत्या पौर्णिमेला सकाळी दहाला सुरुवात. वजनकाटा परवाच आला आहे, तो या सभागृहाच्या दाराशी ठेवलेला आहे. जाताना पाहून जावे.